पायदळाचा टोप आणि उघडं तोंड

ऐतिहासिक मालिकेत फिरंगी शिपाई दाखवायचा असला की वेशभूषावाल्यांचं काम सोपं असतं. दोन्ही टोकं वर वळलेला, होडीसारखा दिसणारा, मधोमध कोंबड्यासारखा तुरा असलेला लोखंडी टोप डोक्यावर चढवला, की झाला पोर्तुगीज. मग तो १४९८ मध्ये कालिकतला उतरणारा वास्को द गामाचा माणूस असो, १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कचा असो, नाहीतर १७३९ मध्ये वसईच्या तटावरून चिमाजी अप्पांच्या फौजेवर गोळ्या झाडणारा असो. टोप तोच.

या टोपाला मोरियन म्हणतात, आणि वरच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर तो शोभत नाही. पहिल्या दोघांच्या वेळी तो अजून घडायचा होता, तिसऱ्याच्या वेळेपर्यंत कधीच मोडीत निघाला होता. आपल्या ओळखीच्या आकारात मोरियन दिसू लागतो तो सोळाव्या शतकाच्या मध्याला, आणि सतराव्या शतकाची पहिली काही दशकं सरली की मावळतो. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस (१५१९ ते १५२१) आणि पेरूत शिरणारा पिझारो (१५३२) यांच्या चित्रांतही हीच चूक वर्षानुवर्षं चालत आली आहे. कोर्तेसच्या कित्येक शिपायांनी तर तिथल्या उकाड्यात लोखंड बाजूला ठेवून ॲझ्टेक लोकांचे कापूस भरलेले जाड अंगरखे स्वीकारले होते.

पण मला या टोपाचं कुतूहल आहे ते वेगळ्या कारणासाठी. त्याच शतकात युरोपातले घोडेस्वार सरदार अख्खं डोकं बंद करणारी शिरस्त्राणं घालत. डोळ्यांपुढे बोटभर फट, श्वासाला बारीक भोकं, बाकी सगळं पोलाद. ती बनवणारी गावं आणि पायदळाचे टोप बनवणारी गावं बहुतेक एकच: इटलीत मिलान आणि ब्रेशिया, जर्मनीत न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्ग. म्हणजे तोंड झाकायची विद्या हाताशी होती. तरी पायी लढणाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि जसजसं शतक पुढे गेलं तसतसं जास्तच उघडं होत गेलं. ‘बिचारे गरीब, परवडत नसेल’ हे उत्तर डोक्यात येतं. ते खरं आहे, पण अर्धंच.

उपडं पातेलं

मराठीत टोप म्हणजे जिरेटोपातला टोप, आणि टोप म्हणजे दूध तापवायचा टोपही. युरोपातल्या पायदळाचं सगळ्यात टिकाऊ शिरस्त्राण या दोन अर्थांच्या मधोमध बसतं. वाटोळं पातेलं उपडं घातल्यासारखं, आणि कडेला सगळीकडून रुंद काठ. इंग्रजांनी त्याला केटल हॅट म्हटलं, म्हणजे पातेल्याची टोपी. जर्मनांनी आयझनहूट, म्हणजे सरळ लोखंडी टोपी. तेराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये रंगवलेल्या बायबलच्या चित्रांत हे टोप घातलेले शिपाई पानोपानी दिसतात, आणि त्यानंतरची तीनशे वर्षं हा प्रकार कुठे ना कुठे वापरात राहिला.

त्यामागचा हिशेब साधा आहे. पायी लढणाऱ्याला मार बसतो तो बहुतेक वरून. घोड्यावरचा तलवार खाली मारतो, बाण आकाशातून उतरतात, तटावरून धोंडे येतात. त्याला हवी असते छत्री. काठामुळे वार खांद्याच्या पलीकडे निसटतो, पाऊस मानेत जात नाही, उन्हात डोळ्यांवर सावली येते. आणि तोंड मोकळं असल्यामुळे पाणी प्यायला, शिवी द्यायला, शेजाऱ्याला हाक मारायला काही उघडावं लागत नाही.

पंधराव्या शतकात याच्या जोडीला आणखी दोन प्रकार आले. एक सॅलेट. इटलीत त्याला चेलाता म्हणत. इटालियन सॅलेट डोक्याला घट्ट बिलगणारा, तर जर्मन सॅलेटला मागे लांब शेपटी, मानेवरून पाठीकडे उतरणारी. काही सॅलेटना पुढे उघडझाप करणारी झडप असे. काहींमध्ये मात्र झडपच नसे, टोपाच्या पुढच्या भागातच आडवी फट कापलेली. लढताना टोप पुढे ओढायचा आणि फटीतून बघायचं, दम लागला की मागे सारून श्वास घ्यायचा. बिजागरी नाही, खिळा नाही, मोडायला काही नाही. मला ही युक्ती फार आवडते.

दुसरा बार्ब्यूट, खास इटलीचा. गालांवरून हनुवटीपर्यंत उतरणारा, आणि पुढे इंग्रजी ‘टी’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखी खाच. प्राचीन ग्रीकांच्या कोरिंथियन शिरस्त्राणाशी त्याचं साम्य इतकं आहे की संग्रहालयात शेजारी शेजारी ठेवले तर दोघांमध्ये दोन हजार वर्षांचं अंतर आहे हे सांगावं लागतं. प्रबोधनकाळातल्या इटलीला ग्रीक-रोमन जुन्या गोष्टींचं जे वेड होतं ते लक्षात घेता हे नुसतं योगायोगाने झालं असेल असं वाटत नाही. दिसायला देखणा, पण कान पूर्ण झाकणारा. शतक संपेपर्यंत तो मागे पडला. कान का महत्त्वाचे, ते पुढे येतंच आहे.

भाल्यांचं रान

१४७६ आणि १४७७ या दोन वर्षांत बरगंडीचा श्रीमंत ड्यूक, ज्याला चार्ल्स द बोल्ड म्हणत, स्विस शेतकऱ्या-पशुपालकांच्या पायदळापुढे तीनदा हरला. ग्रँडसन, मोरा आणि शेवटी नान्सी. नान्सीला तर जीवच गेला. त्याच्याकडे युरोपातले उत्तम चिलखती घोडेस्वार आणि तोफा होत्या. स्विसांकडे होते पाच मीटरच्या आसपास लांबीचे भाले, ज्यांना पाइक म्हणतात, आणि हजारोंच्या चौकोनात पाऊल न चुकवता चालायची शिस्त. या विजयांनी सगळ्या युरोपचे डोळे उघडले. जर्मन सम्राट मॅक्सिमिलियनने स्विसांच्या धर्तीवर लांड्सक्नेख्ट नावाचं पायदळ उभारलं. स्पेनने भाले आणि बंदुका एकत्र गुंफून तेर्सिओ नावाची पलटण बनवली. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी इटलीतल्या पाविआला स्पॅनिश बंदूकधाऱ्यांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस खुद्द कैद झाला.

आता अशा चौकोनात मधल्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाची कल्पना करा. चारी बाजूंना माणसं, डोक्यावर लाकडी दांड्यांचं रान. हुकूम येतो तो ढोलाच्या ठेक्यावर. ठेका बदलला की भाला खाली करायचा, वळायचं, थांबायचं. ज्याला ठेका ऐकू आला नाही तो पुढच्याच्या पाठीवर आदळणार किंवा मागच्याच्या पायाखाली येणार. इथे एका माणसाच्या चेहऱ्यावर पोलाद असण्यापेक्षा त्याचे कान उघडे असणं सगळ्या चौकोनाच्या जिवासाठी जास्त मोलाचं होतं. पटत नसेल तर फुल-फेस हेल्मेट घालून, काच खाली करून, पुण्याच्या चौकात कुणाला पत्ता विचारून बघा.

शिवाय हा माणूस चालत आलेला असतो. दिवसाला पाच-सहा कोस, अंगावर चिलखत, खांद्यावर भाला. घोडेस्वाराचं वजन घोडा वाहतो. याचं वजन हाच वाहतो, आणि श्वासही त्यालाच घ्यायचा असतो.

बंदूकवाल्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. त्या काळच्या आर्केबस बंदुकीला पेटत्या काकड्याने बत्ती लागे. दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, बंदुकीच्या कानापाशी, म्हणजे बत्तीच्या भोकापाशी, बारीक दारू भरायची, काकड्याच्या टोकावरचा निखारा फुंकर मारून लाल करायचा, मग दस्ता टेकवून नेम धरायचा. यातली फुंकर बंद टोपातून मारता येत नाही. नेमही नीट धरता येत नाही, कारण गालपट्टी मध्ये येते. आणि निखारा-दारूच्या खेळात आजूबाजूला कोण काय करतोय हे दिसलं नाही तर शत्रूची गरजच उरत नाही.

म्हणून पायदळाच्या टोपाची गोष्ट संरक्षण वाढत गेल्याची नाही. कामाला आड येणारं संरक्षण एकेक करून काढून टाकल्याची ती गोष्ट आहे. आधी झडप गेली, मग गालपट्ट्या पातळ झाल्या, आणि शेवटी, पुढे सांगतो तसा, टोपच गेला.

सोळा शिलिंगांत एक शिपाई

परवडण्याचा जो अर्धा भाग मी मघाशी बाजूला ठेवला त्याचा एक चोख पुरावा आहे. १५१२ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने फ्लॉरेन्सच्या ग्विदो पोर्तिनारी नावाच्या व्यापाऱ्याशी २,००० संच चिलखतांचा सौदा केला. दर संच १६ शिलिंग. संचात काय काय? एक सॅलेट, गळ्याचं कवच, छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा आणि दोन्ही हातांच्या पट्ट्या. पायांना काही नाही, चेहऱ्याला काही नाही. तेव्हा इंग्रज पायदळ शिपायाचा रोज सहा पेन्स होता. म्हणजे बत्तीस दिवसांच्या मजुरीत माणूस कमरेपर्यंत झाकला जाई. राजाच्या अंगच्या एका चिलखताचा खर्च या दराशी ताडून बघायचा विचारसुद्धा नको.

दोन हजार माणसांची डोकी मोजून कुणी टोप बनवत नाही. टोप ढोबळ मापाचा. आत कातडी किंवा कापडी पट्टा रिव्हेटने ठोकलेला, त्याला गोधडीसारखं टाचलेलं अस्तर शिवलेलं. डोकं लहान असेल तर अस्तर जाड. संग्रहालयातल्या मोरियनच्या घेराभोवती पितळी फुलांची जी रांग दिसते ती शोभेची वाटते, पण ती या पट्ट्याच्या रिव्हेटची डोकी आहेत. अस्तर कुजून गेलं, फुलं राहिली. घातला तेव्हा टोप दीड किलोच्या आसपास भरे, म्हणजे आपल्या बऱ्या दुचाकी हेल्मेटइतकाच.

घाऊक माल कसा दिसे हे बघायचं असेल तर ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात जावं. तिथलं लांडेसत्सॉयगहाउस हे शस्त्रागार १६४२ ते १६४४ मध्ये बांधलं. तुर्कांच्या सरहद्दीवरच्या स्टायरिया प्रांताचा हा शस्त्रसाठा, सुमारे ३२,००० वस्तूंचा, आजही फळ्यांवर आणि खुंट्यांवर जसाच्या तसा आहे. काचेच्या पेटीत एकच झगमगीत टोप बघून जी समजूत होते ती या गोदामात उतरते. भांड्यांच्या दुकानासारख्या रांगा. एकासारखा दुसरा.

मोरियन आणि त्याची भावंडं

मोरियनचं मूळ स्पेनकडचं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बदामाच्या आकाराचा, टोकाला बारीक देठ असलेला आणि काठ खाली उतरलेला एक टोप होता. त्याला काबासेते म्हणत. पोर्तुगीज भाषेत कापासेत हा शब्द आजही चालतो, आणि त्याचा आजचा अर्थ आहे मोटरसायकलचं हेल्मेट. या वंशातून सोळाव्या शतकात दोन फांद्या फुटल्या.

एक फांदी कॅबॅसेट. बदामी डोकं, अरुंद सपाट काठ, आणि टोकाला पेरूच्या देठासारखा एक छोटा वाकडा कोंब, मागे झुकलेला. साधा, स्वस्त, वार निसटवणारा. दुसरी फांदी मोरियन. त्याचा काठ पुढे आणि मागे वर उचललेला, दोन्ही बाजूंना कानांवर खाली झुकलेला. बाजूने पाहिलं तर चंद्रकोर. काहींचं डोकं बदामासारखंच टोकदार, काहींवर उंच तुरा. स्पेन-इटलीकडे टोकदार जास्त, जर्मनीकडे तुरेवाले जास्त.

तुरा शोभेसाठी असं वाटतं. पन्हळी पत्र्याचं छप्पर आठवा. सपाट पत्रा पाय ठेवला की दबतो, घड्या घातलेला माणसाचं वजन पेलतो. तुरा म्हणजे माथ्यावर आडव्या वाराच्या ऐन रस्त्यात घातलेली एक उभी घडी. वार आधी तिच्यावर बसतो, आणि ती दबली तरी खाली कवटीपर्यंत चार बोटं जागा उरते. पुढचा काठ वर वळवल्याचाही फायदा उघड आहे. मान न उचलता वर बघता येतं. पाच मीटरच्या भाल्यांच्या गर्दीत, किंवा तटाला शिडी लावून चढताना, केटल हॅटचा सपाट काठ नेमका याच आड यायचा.

तिसरं भावंड बर्गोनेट, नावाप्रमाणे बरगंडीशी नातं सांगणारं. डोळ्यांवर टोपीसारखी चोच, बिजागरीवर हलणाऱ्या गालपट्ट्या, मागे मानेवर छोटी शेपटी, आणि माथ्यावर तुरा. हलके घोडेस्वार आणि पायदळ दोघांनीही ते वापरलं. गालपट्ट्या हव्या तर बांधा, नको तर मोकळ्या सोडा. मला विचाराल तर तिघांत सगळ्यात शहाणं हेच. पण लोकांच्या डोक्यात बसला तो मोरियन, कारण तो दिसतो झकास.

तुरेवाला मोरियन घडवणं हे सोपं काम नव्हे. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिलंय त्यांना कल्पना करता येईल. सपाट पत्र्यापासून हंडा उठवायचा तर तांबट तो कडेकडेने ठोकत, तापवत, फिरवत वर आणतो. तांबं मऊ, तरी हात भरून येतात. इथे पत्रा लोखंडाचा किंवा पोलादाचा, लालभडक तापवून ठोकायचा. आधी वाडगा उठवायचा, मग त्याच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी चिमटत, न फाडता, तुरा वर काढायचा. चांगल्या मोरियनचा तुरा, डोकं आणि काठ हे सगळं एकाच पत्र्यातून उठवलेलं असे. माथ्याला पत्रा जाड राखायचा आणि कडेला पातळ होऊ द्यायचा, हे त्यातलं खरं कसब. पुढे मागणी वाढली आणि कसबी हात कमी पडले, तेव्हा दोन अर्धुकं वेगवेगळी ठोकून तुऱ्याच्या कडेवर दुमडून जोडू लागले. टोप उत्तरकाळातला स्वस्त आहे का हे ओळखायचं असेल तर तुऱ्याच्या धारेवर सांधा आहे का ते बघतात.

स्वस्त टोपांचं एक रूप मात्र मला महागड्यांपेक्षा सुंदर वाटतं. पत्रा घासून गुळगुळीत करणं खर्चिक, म्हणून काही भाग हातोड्याच्या खुणांसकट तसाच ठेवून काळा रंगवायचे आणि उरलेले पट्टे तेवढे उजळायचे. याला ‘काळं-पांढरं’ काम म्हणतात. काळा रंग गंजही अडवी. म्युनिक शहराच्या रखवालदारांचे मोरियन या प्रकारचे म्हणून ओळखले जातात, काळ्या जमिनीवर उठावाचं पांढरं लिलीचं फूल.

श्रीमंती टोक बघायचं तर मिलानचा फिलिप्पो नेग्रोली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याने १५४३ मध्ये घडवलेलं एक बर्गोनेट आहे. एकाच पोलादी पत्र्यातून उठवलेलं, आणि तुऱ्याच्या जागी पाठीवर रेललेली अर्धी स्त्री, खाली जलपरीसारखी. तिच्या हातात ग्रीक पुराणातल्या मेदूसा राक्षसिणीचं मुंडकं. पोलाद असं काळवंडवलंय की जुन्या कांशाची मूर्ती वाटावी. युद्धाला घालायची ही वस्तूच नव्हे. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या इलेक्टर म्हणवणाऱ्या शासकांच्या पहारेकऱ्यांचे सोनेरी मोरियनही मिरवणुकीचेच. सोन्याचा मुलामा द्यायला पारा जाळावा लागे, आणि ती आच कडक केलेल्या पोलादाला परत मऊ करून टाकी. चकाकी आणि कडकपणा दोन्ही एकदम मिळत नसत.

उघडा टोप हा शिपायाचा आणि बंद टोप हा सरदाराचा, ही समजूत किती पक्की होती ते १६०५ मधल्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीत सापडतं. सरदार बनायला निघालेल्या त्या म्हाताऱ्याला घरात पणज्याचं चिलखत मिळतं, पण टोप निघतो साधा मोरियन. मोरियन घालून कुठला सरदार दिसणार? म्हणून तो पुठ्ठ्याची झडप बनवून त्याला जोडतो, तलवारीच्या एका घावात स्वतःच ती फोडतो, पुन्हा बनवतो, आणि दुसऱ्यांदा मात्र परीक्षा घेत नाही. तेव्हाच्या वाचकाला यातला विनोद समजावून सांगावा लागत नव्हता.

गोव्यावरून जपानला

हे टोप जहाजांबरोबर जगभर गेले. आफ्रिकेतल्या बेनिनच्या कारागिरांनी बंदूक झाडणारा पोर्तुगीज शिपाई पितळेत ओतला, तो टोपासकट. अमेरिकेत जेम्सटाउन या इंग्रजांच्या १६०७ च्या वसाहतीच्या उत्खननात कॅबॅसेट निघालं. फिलिपाइन्सच्या मारिंदुके बेटावर ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात लोक रोमन सैनिकांचे मुखवटे घालून फिरतात, आणि त्या सणाचं नाव आहे मोरिओनेस. रोमनांचा आणि मोरियनचा संबंध नाही, पण स्पॅनिश अमलात शिपायाचा टोप म्हणजे मोरियन, एवढं डोक्यात बसलेलं.

सगळ्यात मजेदार प्रवास जपानचा, आणि त्यात गोवा आहे. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये, आणि पूर्वेकडचा त्यांचा कारभार चाले गोव्यातून. १५८८ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय दुआर्ते द मेनेझिस याने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला सुंदर रंगवलेलं पत्र आणि नजराणे धाडले. नजराण्यांत युरोपीय चिलखतं होती. जेझुइट पाद्री व्हालिन्यानोने १५९१ मध्ये ते हिदेयोशीपुढे ठेवले. ते पत्र क्योतोच्या एका मंदिराने जपून ठेवलं असून आज जपानचा राष्ट्रीय ठेवा गणलं जातं.

सामुराईंना हा ‘दक्षिणेच्या रानटी लोकांचा’ माल आवडला. युरोपातून आलेले कॅबॅसेट आणि मोरियन घेऊन त्यांनी ते पुढचा भाग मागे असे फिरवले, मानेमागे आपल्या पद्धतीचे झुलते पट्टे लावले आणि समोर आपली चिन्हं चढवली. पुढे जपानचा शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूशी नातं सांगणारी अशी चिलखतं जपानात आजही आहेत. गोळी अडवायला युरोपीय पोलाद बरं, हा त्यामागचा व्यवहार. उलटा घातलेला मोरियन आपल्या मालिकावाल्यांना मात्र अजून सापडलेला नाही.

टोप उतरला, आणि परत आला

गोळीनेच शेवटी मोरियनला संपवलं, पण लोक समजतात तसं नव्हे. गोळी अडवणारा टोप बनवता येत होता. वेढ्यात तटाजवळ खंदक खणणाऱ्यांसाठी असे टोप बनतही, काहींचं वजन पाच किलोच्याही वर. ते घालून बसून खणता येतं, मैलोन्‌मैल चालता येत नाही. शब्दशः डोईजड. गोळी अडवणारा टोप चालू देत नाही आणि चालू देणारा गोळी अडवत नाही, अशा पेचात शिपायाने काय करावं? फेल्टची रुंद काठाची हॅट घातली. मस्केट नावाची जड बंदूक आणि ती टेकवायची दुबेळकी काठी वाहणाऱ्या मस्केटवाल्यांनी हे सगळ्यांआधी केलं. भालेवाल्यांनी टोप जरा जास्त दिवस ठेवला. १७०० च्या सुमाराला बंदुकीच्या टोकाला संगीन लागली, पाइकच नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर पायदळाचा टोप.

काहीजण मात्र हॅटच्या आत पोलादी वाटी किंवा सळ्यांची जाळी लपवत. तिला नावच होतं सीक्रेट. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांच्या मंदिलाखाली लोखंडी टोप होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते साल १६५९, आणि युरोपातही सीक्रेट तेव्हा वापरात होती.

दोनशे वर्षं युरोपचं पायदळ कापडाच्या टोप्या घालून मेलं. मग पहिल्या महायुद्धात खंदक आले, आणि तोफगोळे वर फुटून लोखंडाचे तुकडे पावसासारखे कोसळू लागले. मार पुन्हा वरून. १९१५ मध्ये इंग्रज सैन्यासाठी जॉन ब्रोडीने जो टोप आणला तो तेराव्या शतकातल्या केटल हॅटचा सख्खा भाऊ. फ्रेंचांच्या त्याच वर्षीच्या टोपावर चक्क तुरा. १९१६ चा जर्मन टोप बघितला की मानेवर उतरणारा सॅलेट आठवतो. अमेरिकेने आपले नमुने आखायला मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या शस्त्रविभागाचा प्रमुख बॅशफर्ड डीन यालाच बोलावलं. हा गृहस्थ मूळचा माशांचा अभ्यासक. संग्रहालयातले जुने टोप उतरवून, त्यांचे बाक तपासून, त्याने सैन्यासाठी नवे नमुने काढले.

मोरियन स्वतः मात्र एकाच ठिकाणी नोकरीत टिकला. व्हॅटिकनच्या पोपचं रक्षण करणाऱ्या स्विस पलटणीची स्थापना २२ जानेवारी १५०६ ची. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेलगाम फौजेने रोम लुटलं, तेव्हा पोपला निसटायला वेळ मिळावा म्हणून १८९ पैकी १४७ स्विस शिपाई सेंट पीटरच्या परिसरात कापले गेले. दरवर्षी ६ मे रोजी नवे जवान शपथ घेतात ते लाल पिसांचा मोरियन घालून. १५२७ साली मेलेल्यांच्या डोक्यावर तो नव्हता, पण ते असो. रोमच्या उन्हात तासन्‌तास उभं राहणाऱ्या जवानांना हे लोखंड तापायचं, जड व्हायचं. म्हणून २०१९ मध्ये पलटणीने रोजच्या पहाऱ्यासाठी नवे मोरियन घेतले. आकार तोच, तुरा तोच, पण थ्री-डी प्रिंटरवर छापलेले, प्लास्टिकचे. वजनाला फार हलके, आणि उन्हात तापत नाहीत.